जागेचा रकाना

सकाळी सात वाजता मीटरवर २३१ आला.

आदल्या दिवशी ९६ होता. त्याच्या आदल्या दिवशी १८८. मी वहीत २३१ लिहिला, पेन टेबलावर आपटलं आणि पुन्हा उचललं. रात्रीचं जेवण तेच, झोप तेवढीच, इन्सुलिनची वेळ तीच, चौतीस युनिटही तीच. उत्तर मात्र रोज वेगळं. कॉलेजात असा प्रयोग लिहून दिला असता तर बाईंनी जर्नल तोंडावर फेकलं असतं. इथे प्रयोग म्हणजे माझे बाबा होते.

"किती?" बोटावरचा थेंब कापसाने पुसत बाबांनी विचारलं.

"दोनशे एकतीस."

"काल तर पास झालो होतो."

"आज नापास," आई ओट्यापाशी म्हणाली. "रोज सकाळी परीक्षा, आणि अभ्यास नक्की कसला करायचा ते या घरात कुणालाच माहीत नाही."

बाबा हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. महिना संपायला दहा दिवस होते.

बाबा तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. चाळीस थर कापड एकावर एक अंथरायचं, वर खडूने रेषा आखायच्या आणि उभ्या पात्याच्या विजेच्या कटरने सगळे थर एकदम कापायचे, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. वरच्या थरात पातं केसभर हललं तरी चाळीस कॉलर बिघडतात. गेल्या महिन्यात ते दीड इंच हललं होतं. बाबांना अचानक दरदरून घाम फुटला, हात थरथरले आणि पातं रेषा सोडून थेट डाव्या हातावर आलं. हातात पोलादी जाळीचा मोजा होता म्हणून बोटं राहिली. तेव्हा साखर त्रेसष्ट निघाली होती.

मालकीणबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. ओरडल्या नाहीत. "मास्तर, महिनाअखेरपर्यंत डॉक्टरांचं पत्र आणा, साखर स्थिर आहे असं. नाहीतर कटर दुसऱ्याच्या हातात देते आणि तुम्ही मोजणीच्या टेबलावर बसा. पगार तोच राहील. पण माझ्या कारखान्यात कुणाची बोटं जाणार नाहीत."

पगार तोच राहील हे वाक्य बाबांना सगळ्यांत जास्त लागलं. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "बाहीच्या जोड्या मोजायच्या. एक, दोन. एक, दोन." आणि मग बराच वेळ स्वयंपाकघर ते दार अशा येरझारा घालत राहिले. माझी तीच सवय. आई म्हणते, आम्हा दोघांच्या पायांना एकाच दुकानातली भिंगरी बांधली आहे.

डॉक्टर डोस वाढवायला तयार नव्हते, कारण मध्येच साखर खाली जात होती. कमी करायलाही तयार नव्हते, कारण मध्येच ती दोनशेच्या वर जात होती. "वही नीट लिहा," म्हणाले. आता रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीला वही नीट लिहा म्हणजे काय सांगायचं! मी रकाने आखले. वेळ, युनिट, सकाळची साखर, काय खाल्लं, किती चालले, किती झोपले, फ्रिजचं तापमान, पेन कधी उघडलं. पेन म्हणजे इन्सुलिनचं, लिहायच्या पेनासारखंच दिसतं. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांच्या विहिरींचे आकडे बरोबर येतात का ते बघायचं आणि घरी यायचं ते एका माणसाचे आकडे का येत नाहीत ते शोधायला.

हे औषध वर्षापूर्वी सुरू झालं, तेव्हा ते कसं काम करतं हे मीच बाबांना समजावून सांगितलं होतं. फार उत्साहाने. पेनमध्ये ते पाण्यासारखं स्वच्छ असतं, कारण तिथे ते किंचित आंबट द्रावणात विरघळलेलं असतं. कातडीखाली आंबटपणा नसतो. तिथे पोचल्यावर त्याचे बारीक कण बनतात आणि ते एके जागी साठून राहतात. मग तो साठा हळूहळू विरघळत जातो. सकाळी टोचलेलं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झिरपत राहतं.

"जेवल्यावर साखर वाढते, ती आवरणं याचं काम नाही, बाबा. त्यासाठी तुमच्या गोळ्या आहेत. आपण काही खाल्लं नाही तरी यकृत रक्तात साखर सोडत असतं. त्याला दिवसभर थोपवून धरायचं, एवढंच याचं काम."

"म्हणजे ताका," बाबा म्हणाले.

"कसला ताका?"

"कापडाचा. दांड्यावर लावला की सारख्या वेगाने उलगडत गेला पाहिजे. झटका बसला तर थराला चुणी पडते."

मला ते इतकं आवडलं की मी दोन मैत्रिणींना सांगितलं. त्याच दिवशी मी बाबांना नियमही घालून दिला. सगळं तसंच ठेवायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार कसं? हा नियम मला शाळेपासून पाठ आहे. बाबांना तर तो पटवावाही लागला नाही, ते आयुष्यभर तसेच जगत आले होते. ते रोज सात वाजता खुर्चीत बसत, गळ्यातली टेप काढत, बेंबीपासून डावीकडे दोन इंच मोजत, खडूने बारीक फुली मारत आणि तिथेच टोचत.

"पँटची चेन लावतोयस की औषध घेतोयस?" आई विचारायची.

"मापात काम असलं की दुखत नाही," बाबा म्हणायचे. आणि खरंच, त्यांना कधी दुखायचं नाही.

त्या २३१ नंतरच्या चार दिवसांत १४०, २०९, ७८ आणि १९५ आले. मी ऑफिसात आलेख काढला. तो कुणा घाबरलेल्या माणसाच्या सहीसारखा दिसत होता.

रविवारी बाबांचा उजवा अंगठा सुजला. आदल्या दिवशी कारखान्यात टेबलाच्या खणात चेमटला होता. पेनचं बटण दाबवेना.

"दे, मी देते," मी म्हटलं.

"तू?"

"मी पिपेटने अर्धा थेंब मोजते, बाबा."

"थेंब ओरडत नाही ना पण." त्यांनी सदरा वर केला आणि डोळे घट्ट मिटले. "डावीकडे. दोन इंच."

मी समोर गुडघ्यावर बसले, दोन इंच मोजले आणि टोचलं.

"आई गं!"

"मेलास काय?" आई आतून म्हणाली.

"दुखलं! कधी दुखत नाही. काय मुलगी आहे की..." त्यांनी डोळे उघडून खाली पाहिलं. "ही कुठली बाजू?"

"डावी."

"तुझी डावी, शास्त्रज्ञ! माझी उजवी!"

आई पदवीवर काहीतरी बोलली, आम्ही तिघंही हसलो. त्या सकाळी वहीत मी वेळ लिहिली, युनिट लिहिली, झोप लिहिली. बाजू लिहिली नाही. बाजूला रकानाच नव्हता.

दुपारी साडेतीनला बाबा जुन्या चादरीतून उशांचे अभ्रे कापायला बसले. सुट्टीतही त्यांना काहीतरी कापायला लागतंच. मी शेजारी वही घेऊन बसले होते. त्यांनी चादरीची कड मोजली. परत मोजली. तिसऱ्यांदा मोजायला लागले.

"बाबा, झालं की मोजून."

"मला शिकवू नकोस." आवाज एकदम खरखरीत.

मी वर पाहिलं. टेप ते उलटी धरून वाचत होते. सदरा पाठीला चिकटला होता. कात्री हातात होती आणि हात टेबलावर ठकठक वाजत होता, म्हणजे कात्रीच वाजत होती. मी ती काढून घेतली. ती घेताना त्यांनी विरोध केला नाही याची मला जास्त भीती वाटली.

मीटरवर ५१.

तीन चमचे साखर पाण्यात. आईने ग्लास त्यांच्या ओठांना लावला. "पी. एका दमात. गोडावर एरवी किती जीव असतो तुझा." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ग्लास रिकामा झाल्यावरही तिने तो ओठांपासून काढला नाही. पंधरा मिनिटं थांबायचं. मी घड्याळाकडे पाहत उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. ६८. पुन्हा साखर. पुन्हा पंधरा मिनिटं. ९७. मग आईने त्यांना पोटभर जेवायला वाढलं.

पण ते तिथे संपत नव्हतं, आणि ते आम्हा तिघांत मलाच कळत होतं. साठवलेलं औषध परत काढता येत नाही. सकाळचा साठा अजून कातडीखाली होता, अजून झिरपत होता आणि उद्या सकाळपर्यंत झिरपणार होता. मी दवाखान्यात फोन केला. सिस्टरांनी सांगितलं, दर दोन तासांनी तपासा, रात्री झोपण्याआधी खायला द्या, पहाटे एकदा बघा आणि उद्या टोचायच्या आधी त्यांना इथे घेऊन या.

संध्याकाळभर मी वही उलटसुलट करत राहिले. आज काय वेगळं होतं? जेवण नाही. झोप नाही. पेन तेच. दिवसभर ते खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते. मग मला "आई गं" आठवलं. कधी दुखत नाही, असं ते म्हणाले होते. आणि आज का दुखलं?

दवाखान्यातल्या सिस्टर पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या. मी कालचा बाजूचा घोळ सांगितला; त्यांनी वही बघितलीच नाही. "झोपा मास्तर, पोट दाखवा," म्हणाल्या. चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि बाबांच्या पोटावरून बोटांची टोकं फिरवायला लागल्या, हळूहळू, कापडात गाठ आहे का बघतात तशी. बेंबीच्या डावीकडे दोन इंचांवर बोटं थांबली.

"इकडे या. बोट ठेवा."

मी बोट ठेवलं. कातडीखाली लिंबाएवढं काहीतरी होतं, रबरासारखं, गुळगुळीत. मी दाबलं. बाबांना काहीच कळलं नाही.

"ती चरबी आहे," बाबा म्हणाले. "वय झालं आता."

"वय काय एकाच बाजूला झालंय?" सिस्टरांनी चष्मा लावला. "रोज इथेच टोचता ना? टोचून टोचून गाठ झाली आहे. इथे दुखत नाही म्हणून बरं वाटतं. पण या गाठीत औषध नीट झिरपत नाही. आज अर्धंच सुटेल, उद्या एकदम सुटेल. तुम्ही चौतीस घेत होता, पण पोचत किती होतं ते देव जाणे. काल चांगल्या कातडीत गेलं, ते सगळंच्या सगळं पोचलं." मग त्यांनी विचारलं, "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, रोज जागा बदला म्हणून?"

बाबा छताकडे बघत होते. "विसरलो असेन," ते म्हणाले.

ते विसरले नव्हते. पहिल्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, सिस्टर म्हणतात जागा बदलत जा, कशी बदलू? आणि मी म्हणाले होते, आधी महिनाभर सगळं तसंच ठेवू बाबा, आकडे बसले की मग बघू. आकडे बसले नाहीत. महिन्याचं वर्ष झालं. एकदा ठरलेलं माप मास्तरांनी कधी बदललं नाही, आणि मी इतके रकाने आखले, पण जे कधी बदलतच नव्हतं त्याचा रकाना कशाला आखेन?

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "जागा बदलू नका म्हणून. मी."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा घाईघाईने म्हणाले, "लहान होती तेव्हा."

"वर्षच तर झालं, बाबा!"

"वर्षापूर्वी लहानच होती."

सिस्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "सुई किती दिवस वापरता?"

"आठवडाभर. चांगली असते हो. एका टाक्याला कुणी सुई टाकून देतं का?"

"मास्तर, मशीनची सुई बोथट झाली तर काय होतं?"

"कापडाचे धागे ओढले जातात. भोकं पड..." बाबा थांबले. मान वर करून त्यांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "हां," ते म्हणाले.

डॉक्टरांनी डोस चौतीसवरून सव्वीसवर आणला. गाठीला हात लावायचा नाही, ती आपोआप बसेल, काही महिने लागतील. रोज नवी जागा, रोज नवी सुई. आणि पत्र? डॉक्टरांनी मान हलवली. दोन आठवड्यांचे आकडे बघितल्याशिवाय स्थिर हा शब्द ते लिहिणार नव्हते. शुक्रवारी महिना संपत होता.

त्या शुक्रवारी मी अर्धी सुट्टी घेतली आणि बाबांबरोबर कारखान्यात गेले. यायची गरज नाही, असं बाबा तीनदा म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले नाहीत.

कटिंगच्या लांब टेबलावर निळं कापड अंथरलेलं होतं. थर लावणारी बाई कडा जुळवत होती. ती तोंडात कायम एक बटण धरून काम करते, म्हणून सगळे तिला गुंडी म्हणतात. आम्हाला बघून तिने बटण दुसऱ्या गालात सरकवलं. मालकीणबाई केबिनमधून बाहेर आल्या.

"पत्र आणलंत, मास्तर?"

"नाही."

मी वही पुढे केली आणि भराभर बोलायला लागले. गाठ, झिरपणं, चौतीसचे सव्वीस, डॉक्टरांचे दोन आठवडे. चूक माझी होती, बाबांची नव्हती, हे मी दोनदा सांगितलं. मालकीणबाई वहीची पानं उलटत होत्या. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हा रकाना नवा आहे."

"जागेचा," मी म्हटलं.

"आणि ही मुलगी म्हणते तसं दोन आठवड्यांत बसेल सगळं?"

मी तोंड उघडलं. पण बाबाच बोलले. "माहीत नाही, बाई. बसेल असं वाटतंय. पण आज जर माझ्या हातात कटर दिलंत तर तुमची चूक होईल."

टेबलावर टेकवलेले त्यांचे हात मला दिसत होते. ते अजिबात हलत नव्हते.

मालकीणबाईंनी वही मिटली. "ठीक आहे. दोन आठवडे. तोवर कापणार कोण?"

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. मग त्यांनी खणातून जाळीचा मोजा काढला आणि गुंडीपुढे धरला. तिने बटण तोंडातून काढून हातात घेतलं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मला नाही येत, मास्तर."

"अकरा वर्षं बघतेयस. मी शेजारी उभा राहतो."

मोजा तिला मोठा होत होता. बाबांनी मनगटाचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला, आणि मग हात मागे बांधून तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता निघावं. पण कटर सुरू झाल्यावर पहिल्या वळणाशी बाबांचा उजवा खांदा तिच्याबरोबर वळला, हात मागेच बांधलेले असताना. ते बघून मी निघाले.

पुढचे दोन आठवडे घरात कुणी धड बसलं नाही. १४२. १५६. ११८. १३९. बाबांनी ब्राउन पेपरचा एक पॅटर्न कापला, पोटाच्या मापाचा. बेंबीसाठी भोक, गाठीपुरता भाग सोडून दोन्हीकडे इंचाइंचावर खुणा, आणि मांडीसाठी वेगळा तुकडा. रोज तो पोटावर ठेवून ते मला विचारायचे, "आज कुठली?" आणि मी रकान्यात लिहायचे: उजवी, वरची ओळ, तिसरी खूण. टोचताना आता दुखायचं. ते तोंड वाकडं करायचे आणि आई म्हणायची, "बरं झालं, जिवंत आहेस असं कळतं." १२४. १३१. नवव्या दिवशी १७८ आला. मी ऑफिसला जाताना चुकीच्या बसमध्ये चढले. मग ११९. १२७. १२२. मला आता चांगल्या आकड्यांचीही भीती वाटायला लागली होती. एवढे दिवस नीट नसलेलं काहीतरी नीट झालं की आपण त्याच्याकडे संशयानेच बघतो.

पत्र सोमवारी मिळालं. डॉक्टरांनी स्थिर असं लिहिलं नव्हतं. स्थिर होत आहे असं लिहिलं होतं, आणि खाली अट होती: कटर हातात घेण्याआधी दर वेळी साखर तपासणे, शंभरच्या खाली असल्यास काही खाऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणे.

आम्ही दोघं दवाखान्यातून थेट कारखान्यात गेलो. मालकीणबाईंनी पत्र उभ्या उभ्या वाचलं. "होत आहे," त्या म्हणाल्या. "हं." मग पत्र घडी करून खिशात ठेवलं. "घ्या कटर, मास्तर. शाळेच्या सदऱ्यांची ऑर्डर आहे. दुपारपर्यंत कॉलर हव्यात."

चाळीस थर तयार होते. गुंडीने मोजा काढून बाबांपुढे धरला. आजूबाजूच्या मशीन थांबल्या होत्या. मास्तर परत आले की कसं दिसतं ते सगळ्यांना बघायचं होतं. बाबांनी मोजा घेतला आणि टेबलावर ठेवला. खिशातून मीटर काढलं. बोट टोचलं.

मी त्यांच्या खांद्यावरून वाकले. ९२.

"शंभरच्या जवळच आहे की," कुणीतरी मागून म्हणालं.

मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर तो पुन्हा माझा नियम झाला असता.

बाबांनी स्टूल ओढलं, बसले, दोन बिस्किटं काढली आणि खाऊ लागले. सावकाश. सगळे बघत होते. सव्वीस वर्षांत त्या टेबलापाशी त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मालकीणबाईंनी घड्याळ बघितलं. बाबांनीही बघितलं, मग कुरकुर करणाऱ्या मशीनवाल्याकडे बघून म्हणाले, "पंधरा मिनिटं. तेवढ्यात तुझी बॉबिन भर."

"मास्तर," गुंडी म्हणाली, "तोवर बाह्या कापू का मी?"

बाबांनी तोंडातलं बिस्किट संपवलं. मोजा तिच्याकडे सरकवला.

"काप. पट्टा शेवटच्या भोकात घाल. कॉलर मी कापीन."

कटर सुरू झालं. मी त्यांच्या स्टुलामागे भिंतीला टेकून उभी होते आणि माझा पाय सारखा जमिनीवर वाजत होता. बाबांनी न बघताच हात मागे करून माझ्या गुडघ्यावर ठेवला, पाय थांबेपर्यंत. अजून अकरा मिनिटं होती.